टेबलावरचे दिवे

३ जून, मंगळवार
आज हॉटेलात गायलो. हॉल मोठा, टेबलं दाटीवाटीनं आणि कोपऱ्यात वीतभर स्टेज. दारावर निळ्या लाइटमध्ये ‘लाइव्ह म्युझिक’. लोक येतात चरायला, गाणं वर फुकट मिळतं म्हणून कान उघडे ठेवतात. तोंड तर उघडं असतंच. गाढवाला गुळाची चव काय! पुढच्या टेबलावरचा टकल्या माझ्या आलापात सूप फुरकत होता. तेही बेसूर.

पण कला ती कलाच. माझं दुसरं कडवं सुरू झालं आणि टेबलांवरचे छोटे पिवळे दिवे लागायला लागले. प्रत्येक टेबलावर एक असतो, त्याला बटण. आधी एक लागला, मग कोपऱ्यातला, मग भराभर. खाणाऱ्यांचे हात खरकटे, टाळ्या कशा वाजवणार? म्हणून दाद द्यायला ही सोय केली असावी. मॅनेजर वाटतो तितका टाकाऊ नाही.

माझ्याआधी ती गिटारवाली गाते. बराच वेळ किंचाळली, एक दिवा लागेल तर शपथ. लोक आपले नवीन ऑर्डरी देतायत. कीव आली.

५ जून, गुरुवार
पुन्हा दिवेच दिवे. गाणं संपेपर्यंत अर्धा हॉल रिकामा. साहजिक आहे. खरं गाणं ऐकल्यावर माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही.

बायकोला दिव्यांचं सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, बरं. तिनं मला हॉटेलात अजून एकदाही ऐकलेलं नाही. शनिवार मिळाला की येईन म्हणते. खरे कलाकार शनिवारी गातात, असं तिच्या भावानं सांगितलंय. मेहुणा स्वतः टाइल्स विकतो.

संकल्प : उद्यापासून रोज पहाटे खर्जाचा रियाज.

६ जून, शुक्रवार
रियाज नाही केला. घसा जपायला हवा. झोप हाही एक प्रकारचा रियाजच.

ऑफिसात दिवसभर तक्रारींना उत्तरं. आमचा रंग लावला आणि भिंतीला पोपडे आले, ही तक्रार. भिंत ओली होती का, हे आमचं उत्तर. माझ्यासारख्यानं हे करावं? शनिवार मिळाला की नोकरीला रामराम. ठरलं.

१० जून, मंगळवार
मिळाला! शनिवार, भर गर्दीची वेळ! मॅनेजर म्हणाला, शनिवारी बाहेर रांग लागते आणि आतले हलायचं नाव घेत नाहीत, तिथं तुमच्यासारखाच माणूस हवा. रांग! अजून माझं नाव जाहीरसुद्धा नाही, आणि रांग.

हेड वेटर गळ्यात बो लावतो म्हणून मी त्याला बो म्हणतो. तो म्हणाला, सर, तुम्ही गायला लागलात की आमची फार धावपळ होते. डोळ्यांत कौतुक होतं. झोपही असेल.

गिटारवालीला माझ्याआधी ठेवलंय. लोकांना फरक कळावा म्हणून.

१३ जून, शुक्रवार
साहेबांना सुनावलं. भर मीटिंगमध्ये. म्हटलं, ज्याला सूर कळत नाही त्याला रंग काय कळणार, आणि मी सोमवारी दिसलो नाही तर समजून घ्या. साहेब म्हणाले, सोमवारी पोपड्यांचं तेवढं आवरा, मग खुशाल जा. दगडाला पाझर फुटेल, पण साहेबाला नाही.

बायकोला बोललो नाही. उद्या मला ऐकल्यावर ती आपणहून म्हणेल, सोड ती नोकरी.

१४ जून, शनिवार
बायको आली. ठेवणीतले कपडे घालून. बरोबर भाऊ. टेबल अगदी स्टेजसमोर. गिटारवालीच्या गाण्यावर बायको चक्क मान डोलवत होती. सवयीनं डोलत असेल.

मग मी. पहिलीच ओळ, आणि दिवा लागला. कुणाचा? बायकोचा! इतक्या वर्षांच्या संसारात इतका आनंद झाला नव्हता. त्या आनंदातच तिसरं कडवं दोनदा घेतलं. सगळा हॉल उजळला.

नंतर बो धावत आला. म्हणाला, वा सर, बघता बघता सगळी टेबलं मोकळी, बाहेरची रांग आत घेतली, हे दुसऱ्या कुणाला जमत नाही. मला नीट कळलं नाही.

घरी चालत येताना बायकोला म्हटलं, तुझा दिवा सगळ्यात आधी लागला, मी पाहिला. ती थांबली. म्हणाली, अरे, तो बिल मागायचा दिवा आहे. बटणाखाली लिहिलंय. मी विचारलं, सगळ्यांचेच? म्हणाली, सगळ्यांचेच.

मेहुणा हसला नाही. ते फार लागलं.

१५ जून, रविवार
काही नाही.

१६ जून, सोमवार
साहेबांची माफी मागितली. म्हणाले, ठीक आहे, पोपड्यांचं बघा. बघितलं.

दुपारी मॅनेजरचा फोन. रविवारीही या म्हणाला, रांग आवरत नाही. हो म्हणालो. भरला हॉल उठवायचा म्हणजे आवाजात ताकद लागतेच की.

रात्री जेवताना मुद्दाम गुणगुणलो. बायकोचं जेवण उरकलं होतं. तरी ती उठली नाही. समोर बसून राहिली, शेवटच्या ओळीपर्यंत. मला भरून आलं. विचारलं, आवडलं?

म्हणाली, पायाला मुंग्या आल्यात रे, उठता येत नाहीये.