आवाज गेलेली जागा

आबा, आज ऑफिसात रसायनीहून एका बाईंचं पत्र आलं. 'तेच जपानी कार्टून तिसऱ्यांदा लावलंय. तुम्हा टीव्हीवाल्यांना नवीन काही मिळत नाही का?' मी ठरलेलं उत्तर टाइप केलं: नव्या मालिकेचे हक्क मिळायला वेळ लागतो, जुनी परत दाखवायची परवानगी हातात आहे. कागद मशीनमधून काढताना तुमची फार आठवण आली. हाच प्रश्न मी तुम्हाला आपल्या तंबूच्या दारात विचारला होता, याहून कितीतरी वाईट शब्दांत.

भातं झोडून झाली की आपला तंबू सिनेमा दहिवलीपासून खालापूरपर्यंत फिरायचा, आणि दर वर्षी तुम्ही एकच पिक्चर लावायचात. रीळ इतकं झिजलेलं की मुलगा घर सोडून निघतो तिथे त्याच्या आईचे ओठ नुसते हलायचे, आवाज नाही. मग तिकिटं फाडून बायकांच्या बाजूला येऊन बसलेली माझी आई मोठ्याने म्हणायची, "दोन घास खाऊन जा रं." सगळा तंबू हसायचा. आई गेली त्या वर्षीही तुम्ही तेच लावलंत. ती जागा आली आणि कुणी बोलेना. मी तुमच्या शेजारी बसलेय. शेवटी दहिवलीची एक म्हातारी खाकरली, "दोन घास खाऊन जा रं." पाठोपाठ सगळ्या बायका. तुम्ही प्रोजेक्टरकडे तोंड करून उभे होता. मला वाटलं, रीळ बघताय.

पुढच्या वर्षी मी सोळाची, दीडशहाणी. "लोकं हसतात आपल्याला. नवीन पिक्चर आणा, नायतर मी तंबूत पाय ठेवणार नाय." तुम्ही म्हणालात, "लोकांना नवं नको हाय गं." मग रीळ डब्यात ठेवत, "बरं, आणतो." आणलंत. त्यात कुठेच आवाज गेलेला नव्हता. लोक गुपचूप बसले, बघून उठून गेले. जुनं रीळ वितरकाकडे परत गेलं ते गेलंच. चिडला असतात तर बरं झालं असतं.

मी एकटीच राहते, आबा. शेजारची मुलगी रविवारी सकाळी ते कार्टून बघताना गंमत यायच्या आधीच हसायची. भिंतीतून ऐकू यायचं. मी चहा घेऊन त्या भिंतीला टेकून बसायचे. दिवाळीनंतर ते लोक घर सोडून गेले.

बाईंचं उत्तर पोस्टात पडलं. तुम्ही गेलात, तुम्हाला लिहिलेलं हे कुठे टाकू? पण तुम्हाला खरं सांगते, त्यांना मी खोटं लिहिलं. नवी मालिका आली होती, हक्कांसकट. शेजारचे गेल्यावर मीच तिची फाईल खाली सारली आणि जुनीचं नाव यादीत वर लिहिलं. परवा रविवारी ती गंमत यायच्या आधी मी एकटीच हसून बघितलं. नीट जमलं नाही.