लिव्हरची रायफल

७८६
देरा, दुबई
२१ ऑगस्ट १९६४

अन्वरी भाबी यांस,
खैरुद्दीनचा सलाम. वि. वि. मी इथे ठीक आहे. चि. बिलकीसचा खोकला थांबला हे वाचून बरे वाटले.

तय्यबदादा गेल्याला तिसरा महिना संपला. तार मिळाली तेव्हा दफन होऊन गेले होते, त्यामुळे मला अजून ते घरीच आहेत असे वाटते. इथे कुणाशी या विषयावर बोलत नाही. खोलीतला सोबती शौकत चांगला माणूस आहे. तो विचारीत नाही आणि मी सांगत नाही.

एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. आमच्या कंपनीचे सर्व्हेअर साहेब दर शुक्रवारी सकाळी आम्हाला जीपमधून अल ऐनच्या वाटेवर नेतात. तिथे वाळूच्या टेकडीपुढे रिकामे डबे मांडून नेमबाजी करतात. त्यांची रायफल लिव्हरची आहे. ट्रिगरखालची कडी खाली ओढून वर घेतली की पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते. आपल्या ठासणीच्या बंदुकीसारखे ठासायला नको, थांबायला नको. साहेब डिसेंबरात विलायतेला कायमचे जाणार आहेत आणि रायफल मी घ्यावी असे म्हणतात. भाव मला झेपण्यासारखा आहे. त्या दोन तासांत डोके शांत राहते, एवढाच तिचा उपयोग. शिकारीसाठी नको आहे.

अडचण एकच. ती हिंदुस्थानात आणता येणार नाही, मुंबईला कस्टमवालेच ठेवून घेतील. माझा करारही डिसेंबरातच संपतो. म्हणजे रायफल घेतली तर मी इथेच राहणार असा तिचा अर्थ होतो. दादा असते तर त्यांना विचारले असते. म्हणून तुम्हाला विचारतो. घेऊ का?

बिलकीसला प्यार. तुमची माया माझ्यावर राहू द्यावी.
खैरुद्दीन

७८६
मु. खारशेत, ता. मंडणगड
१० सप्टेंबर १९६४

खैरुद्दीनभाई यांस,
भाबीचा सलाम व दुवा. पत्र पावले. तुम्ही शेखांच्या मुलखात जाऊन डबे मारता हे वाचून बिलकीस फार हसली. डब्यांनी काय गुन्हा केला असे तिने विचारायला सांगितले आहे. मी तिला म्हटले, चाचाचे लग्न होत नाही, त्याचा राग डब्यांवर निघतो.

इथली हकीकत अशी. माझ्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस या महिनाअखेर पुरे होतील. तोवर उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. मागच्या दारातून दिसते तेवढेच शेत माझे. भात आता दाण्यावर आले आहे आणि रानडुकरे वरच्या खाचरातून रोज खाली उतरतात. निम्मे खाचर लोळवून टाकले आहे. बंदूक दादांच्या नावावर होती म्हणून फौजदारांनी ती ठाण्यात जमा करून घेतली. लायसनला वारस लागतो, असे कमरुद्दीन मामू सांगतात.

कुणबीवाडीतली माणसे कुंपणाशी येऊन विचारतात, धाकटे भाई कधी येणार? त्यांचेही भात आपल्याला लागूनच आहे. आपण डुक्कर खात नाही, तरी ते मारणारा माणूस आपल्याच घरातला, हे आजोबांपासून चालत आलेले. ते डुक्कर नेत आणि दुसऱ्या दिवशी कुंपणावर काकड्या, पडवळ ठेवून जात. यंदा कुंपण रिकामे आहे.

हे मी कळवते आहे, या म्हणून सांगत नाही. रायफलीबद्दल मला समजत नाही. तिला ठासावे लागत नाही म्हणता, म्हणजे मोठे सुखच आहे. तुमच्या दादांबरोबर शेतातल्या माळ्यावर बसून दारू, गोळी, चिंध्या गजाने ठासून देता देता माझ्या बोटांची काजळी कधी गेली नाही.

जेवणाची हयगय करू नका. भाबीला परके मानू नये.
अन्वरी

७८६
देरा, दुबई
२ ऑक्टोबर १९६४

अन्वरी भाबी यांस,
सलाम. वि. वि. पत्र पोहोचले. तुम्ही सांगत नाही असे लिहिलेत, पण मला समजले. गावाला बंदूकवाला हवा आणि घरात तेवढा मीच उरलो आहे. डिसेंबरात करार संपला की येतो. लायसन माझ्या नावावर करून घेऊ. साहेबांना अजून नाही म्हटलेले नाही, पण म्हणेन.

शौकतला सांगितले तर तो म्हणाला, यल्ला, जा, डुकरे तुझी वाट बघताहेत, इथे तुझी वाट बघणारे कुणी नाही. तो तसा बोलतो, पण रात्रीचे जेवण माझ्यासाठी झाकून ठेवतो.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करीत होतो. गेल्या शुक्रवारी साहेबांनी रायफल माझ्या हातात दिली. पहिल्याच गोळीला डबा उडाला. मी नळी खाली केली आणि उभा राहिलो. साहेब हसले, म्हणाले, आत अजून गोळ्या आहेत, थांबलास कशाला? पुन्हा तसेच झाले. प्रत्येक गोळीनंतर मी नळी खाली करतो. दादांनी मला तसेच शिकवले होते. बार झाला की नळी खाली करायची, आणि ते काय म्हणतात ते ऐकायचे. नेम चुकला असेल तर ते खांद्यावर टपली मारीत. मी अजून त्या टपलीसाठी थांबतो. साहेबांना हे सांगितले नाही.

बाकी ठीक. बिलकीसला सांगा, डब्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. आठवण ठेवावी.
खैरुद्दीन

७८६
मु. खारशेत
२० डिसेंबर १९६४

खैरुद्दीनभाई यांस,
भाबीचा सलाम व दुवा. उत्तराला उशीर झाला. घडले ते सगळे एकदम कळवावे म्हणून थांबले होते.

इद्दत सुटल्यावर मी कमरुद्दीन मामूंना घेऊन मंडणगडला कचेरीत गेले आणि लायसनचा अर्ज माझ्या नावाने दिला. कारकून म्हणाला, बाई, अर्ज तुमचा, पण बार कोण काढणार? मी म्हटले, मीच. तो मामूंकडे पाहू लागला. मामूंनी छताकडे पाहिले. पुढे चार खेपा झाल्या, मामूंची चप्पल तुटली, पण या महिन्यात लायसन मिळाले आणि बंदूक घरी आली. नळीत ठाण्यातल्या कोळ्याने घर केले होते.

भात कापून झाले होते, पण डुकरे आता वालाच्या शेतात येतात. पहाटे फजरची नमाज पढून बंदूक घेऊन गेले. पहिला बार सुपारीच्या झाडाला लागला. पुन्हा ठासेपर्यंत डुक्कर मामूंच्या परड्यातून पसार. आठवड्याने मात्र एक पडले. कुणबीवाडीची माणसे आली, डुकराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी कुंपणावर रताळी होती. मी मग दार लावून पुष्कळ वेळ बसले. तुमच्या दादांच्या माघारी पहिल्यांदाच रडू आले.

खांदा धक्क्याने काळानिळा झाला आहे. दुसऱ्या बारासाठी ठासून द्यायला माणूस लागतो आणि बिलकीसचे हात अजून लहान आहेत. असो.

आता तुमचे. गावाला बंदूकवाला हवा म्हणून तुम्ही नोकरी सोडून येऊ नये. तो प्रश्न खलास. रायफल हवी असेल तर खुशाल घ्या. फक्त तिला माझी परवानगी म्हणून घेऊ नका आणि माझ्या नावाने सोडूही नका. तुमच्या मनाला काय हवे ते तुम्ही बघा. मी दीर मागितला होता, राखणदार नव्हे.

जिथे असाल तिथून लिहीत राहा, इतकेच मागणे.
अन्वरी

७८६
देरा, दुबई
८ जानेवारी १९६५

अन्वरी भाबी यांस,
सलाम. वि. वि. रोजे सुरू झाले. तुमचे पत्र मी शौकतला वाचून दाखवले. अशी भाबी आपल्याला असती तर आपण दुबईला पळून आलोच नसतो, असे तो म्हणाला. नंतर म्हणाला, नाही, आणखी लांब पळालो असतो.

साहेब गेले. जाण्याआधी शेवटच्या शुक्रवारी त्यांनी रायफल पुन्हा माझ्या हातात दिली. वस्तू फार सुंदर आहे. मी सगळ्या गोळ्या झाडल्या, एकदाही नळी खाली न करता. डबेही बरेच उडाले. नंतर कडी ओढली तर आत काही नव्हते आणि मला कुणाची गरजही पडली नव्हती. ती एकट्या माणसाची बंदूक आहे. ती मी घेतली नाही. तुमच्यासाठी म्हणून नाही, माझ्यासाठीच घेतली नाही.

नोकरीही सोडली नाही. करार नवा केला, पण भात दाण्यावर येते तेव्हा दर साल दोन महिने सुट्टी मिळावी असे त्यात लिहून घेतले. मॅनेजरनी कारण विचारले. डुकरे म्हटल्यावर त्यांनी आणखी काही विचारले नाही.

जुन्या कराराची सुट्टी शिल्लक आहे. पुढच्या बोटीने निघतो, इन्शाल्ला ईदच्या आधी घरी असेन. इथे उंटाची खोगिरे शिवणारा एक म्हातारा आहे. त्याच्याकडून कातड्याची लहान गादी शिवून घेतली आहे, आत उंटाचे केस भरले आहेत. बंदुकीच्या दस्त्याला बांधायची, म्हणजे खांद्याला धक्का बसत नाही.

आल्यावर आधी दादांच्या कबरीवर जाऊ, मग वालाच्या शेतात. बार तुम्ही काढा. ठासून मी देईन. नेम चुकला तर खांद्यावर टपली मात्र मारणार नाही, तो आधीच दुखतो आहे.

बिलकीसला सांगा, चाचा येतो आहे, डबे जपून ठेव.
तुमचा,
खैरुद्दीन