आप्पांच्या पेनातली शाई

लालबाग, बुऱ्हाणपूर
१२ फेब्रुवारी २०२४

ती. निरंजनदादास,
शि. सा. न. वि. वि.

आप्पांना जाऊन काल महिना झाला. तेरा दिवस एका घरात राहून आपण दोघं तेरा वाक्यं बोललो नसू. तेरावं उरकून तू त्याच संध्याकाळी अकोल्याची गाडी धरलीस. मीही थांब म्हटलं नाही, हे खरंच आहे. फोनवर आपलं "बरं आहे ना"च्या पुढे जात नाही, म्हणून लिहिते.

आप्पांची अलमारी साफ करताना त्यांचं काळं पेन निघालं, बाजूला शाई ओढायचा खटका असलेलं. खटका बिलकुल हलत नाही. शाळेला ते आप्पांच्या, म्हणजे आपल्या जुन्या हेडमास्तरांच्या, तसबिरीखाली काचेत ठेवायचं आहे. चालू झालं तर पाहुण्यांची सही त्याच पेनानं घेऊ म्हणतात. तू जन्मभर पेनंच दुरुस्त केलीस, मग दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ?

हे पेन आप्पांनी १९८९ च्या उन्हाळ्यात बंद करून ठेवलं ते कायमचं. मी काय म्हणते ते तुला कळेल. त्याच उन्हाळ्यात रावेरच्या लोकांना निनावी पत्र गेलं, मुलीला फेफरं येतं म्हणून, आणि माझं ठरलेलं लग्न मोडलं. पत्र शिक्क्याच्या जांभळ्या शाईनं लिहिलेलं. तुला ते स्थळ पसंत नव्हतं. तू तेव्हा केळी मंडीत पावत्यांवर शिक्के मारायचास, बोटं कायम जांभळी. आईच्या गळ्याची शपथ घेतलीस, ती मी मानली नाही. तू घर सोडलंस. आप्पा मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत मला सांगत होते, निरंजनला माफ कर. मला जमलं नाही.

पेनाच्या आत काय निघालं ते नीट लिही. लपवू नकोस.

कळावे.
ज्योत्स्ना


अकोला
२४ फेब्रुवारी २०२४

चि. ज्योत्स्नास,
अ. उ. आ.

पार्सल पोचलं. केवढा तो दोरा! पेन होतं की लोणच्याची बरणी, असं तुझी वहिनी विचारत होती. दोरा सोडवण्यातच सकाळ गेली.

हे पेन जुन्या एबोनाईटचं, म्हणजे कडक रबराचं आहे. गरम पाण्यात टाकलं की काळ्याचं तपकिरी होतं, म्हणून वहिनीचं केस वाळवायचं यंत्र मागून घेतलं आणि कोमट वाऱ्यावर फिरवत फिरवत पुढचा भाग सोडवला. वहिनी म्हणाली, स्वतःच्या टकलावर कधी एवढं लक्ष दिलं नाही. आतली रबराची पिशवी वाळून खापरीसारखी झाली होती, ती तुकड्यातुकड्यानं काढली. खटक्याखालची पट्टी घासून साफ केली. नवी पिशवी लाखेनं चिकटवली, घासू नये म्हणून वरून पावडर लावली. आता खटका उचलून सोडला की घटाघटा शाई ओढतं.

आत काय निघालं म्हणशील, तर नेहमीचीच निळी-काळी शाई, वाळून खडा झालेली. चार दिवस साध्या पाण्यात ठेवली, गेली. बाकी काही नाही. शाळेला खुशाल दे.

त्या पत्राचं तू जे समजत आलीस तेच समज. माझंच चुकलं असं धर. आप्पांनी तुला जपलं, तू त्यांना जपलंस. तेवढं पुरे आहे.

तब्येतीला जप. आशीर्वाद आहेतच.
निरंजन


लालबाग, बुऱ्हाणपूर
४ मार्च २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेन मिळालं. हे पत्र त्यानंच लिहिते आहे, कुठे अडत नाही.

दादा, तू खोटं लिहिलंस. पाठवायच्या आधी मी निब दिवसभर वाटीत पाण्यात ठेवलं होतं. पाणी स्वच्छच राहिलं. मग आप्पांच्या इंजेक्शनसाठी आणलेलं स्पिरिट उरलं होतं, त्याचा कापूस फिरवला. कापूस जांभळा झाला. शिक्क्याची शाई साध्या पाण्यानं जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तुला तर कधीपासून माहीत असेल. आणि तुझ्या पाकिटाच्या मागे जांभळा अंगठा उमटला आहे.

शाळेतही शिक्का होता, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. पोरांनी पेनात भलती शाई भरली तर छडी मारणारा माणूस! आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली, मी गेले तर तिचं कोण करणार, एवढंच आप्पांना ते पत्र लिहायला कारण असणार. सरळ सांगितलं असतं तर मी राहिलेही असते रे. आईचं अकरा वर्षं केलं, मग आप्पांचं. रोज त्यांच्या पायांना तेल चोळलं. आणि ते पाय चोळून घेत मला सांगायचे, निरंजनला माफ कर. मला त्यांचा इतका संताप येतो की तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

मला वाटलं होतं, तू पेन उघडशील, खरं ते लिहिशील, आणि मग मी तुझी माफी मागेन. तू तर पुन्हा सगळं स्वतःवरच घेतलंस. का? शाळेला कळवलं आहे, पेन मिळणार नाही.

लोभ मागायला मला तोंड नाही.
ज्योत्स्ना


अकोला
११ मार्च २०२४

चि. ज्योत्स्नास,
अ. उ. आ.

तू विचारलंस म्हणून लिहितो, नाहीतर हे माझ्याबरोबरच गेलं असतं.

पेन उघडून मला नवीन काही कळलं नाही. त्या वैशाखात आप्पा मला म्हणाले, शाळेच्या शिक्क्याची शाई संपली, मंडीतून थोडी घेऊन ये. मी औषधाच्या बाटलीतून आणून दिली. पुढे रावेरहून ते पत्र परत आलं, त्या दिवशी हे पेन त्यांच्या टेबलावर होतं, निब जांभळं. मी पेनाकडे बघतो आहे हे त्यांनी बघितलं. दार लावून घेतलं आणि म्हणाले, तू पुरुष आहेस, कुठेही जाशील.

माझी शपथ खोटी नव्हती, ज्योत्स्ना. पण शाई मीच आणली होती.

खरं बोललो असतो तर तू काय केलं असतंस? नोकरी नाही, आई तशी पडलेली. ज्यानं तुझं लग्न मोडलं त्यालाच रोज दोन वेळा वाढायचं, हे माहीत असून तू त्या घरात कशी जगली असतीस? माझ्यावर राग धरून तुला जगता येत होतं. मला अकोल्याची गाडी होती. तुला ते घर होतं.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी येतो. चहा टाकून ठेव. लोभ कधी तुटला नव्हता, माझ्याकडून तरी.
निरंजन