घरचा अर्ज

१२ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

ही जाऊन उद्या महिना होईल. मी बरा आहे. जेवतो, कामावर जातो, लिफ्ट बंद पडली की लोक मलाच फोन करतात. रडू मात्र अजून आलेलं नाही. आतून नुसता बधिर झालोय.

सोसायटीत गाड्यांच्या चार्जिंगचे सहा पॉइंट नोव्हेंबरातच सुरू झाले. अर्ज चौदा होते. सेक्रेटरी मीच, म्हणून हिचा अर्ज न वाचताच सगळ्यांच्या खाली ठेवला होता. घरचा अर्ज वर घेतला तर लोक काय म्हणतील! ही बिचारी दिवसाआड सकाळी नाक्यावरच्या चार्जिंगला गाडी लावून चालत घरी यायची. तशीच येताना ट्रकने उडवलं. आता आणखी पॉइंट बसतायत, कमिटी म्हणते, त्यातला पहिला तुम्हीच घ्या. घेऊ का? तू सांगशील तसं करीन.

मुलांना माझे आशीर्वाद सांग. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा बाब्या

१९ जानेवारी

चि. बाब्यास अनेक आशीर्वाद.

तुझी काही चूक नाही असं लिहायला बसले, पण हात चालेना. थोडी आहेच रे. तुला जन्मभर लोकांचा धाक! शाळेत मॉनिटर झालास तेव्हा दंगा करणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव स्वतःचंच लिहून आला होतास. माझी भावजय फोनवर तुझ्या नावाने बोटं मोडायची आणि मग स्वतःच हसत सुटायची.

पॉइंटचं मग बघू. आधी तिचा अर्ज वाच. निदान आता तरी तिचं ऐक. आणि वेळेवर जेवत जा, नाहीतर मी येऊन कान धरीन.

तुझी ताई

२७ जानेवारी

ती. ताईस सा. न.

काल अर्ज काढला. कारणाच्या रकान्यात हिने लिहिलंय की गाडी लावण्या-आणण्यात सकाळचा पाऊण तास जातो. तेवढा वाचला तर सेक्रेटरींबरोबर बसून चहा घेता येईल. घरी सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही, म्हणून लेखी देत आहे.

ताई, सोसायटीच्या ऑफिसचं दार आतून लावलं आणि ढसाढसा रडलो. वॉचमन बाहेरून काय झालं विचारत राहिला.

मग डोळे पुसून अर्जावर ‘मंजूर’ लिहिलं, सही केली, मागची नाही, कालचीच तारीख घातली.

जमलं तर चार दिवस ये.

बाब्या