रक्ताला गुदगुल्या

नाशिक,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. तेजल,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक, असं लिहिणार होतो, पण नाही. आपल्या मिसळवाल्याने पापड बंद केला. म्हणजे मिळतो, पण मागावा लागतो. ज्या शहरात पापड आपणहून ताटात येत होता, तिथे पन्नाशीच्या माणसाने "पापड मिळेल का हो?" म्हणून तोंड वेंगाडायचं! एरवी यावर लेख ठोकला असता. सध्या लिहायची भीती वाटते.

मागच्या महिन्यात तू जेवायला आलीस तेव्हा मीच विचारलं होतं, "विद्यापीठाच्या त्या केंद्रात फिजिक्सवाले आणि केमिस्ट्रीवाले एका खोलीत करता तरी काय?" तू नीट सांगितलंस. सिकलसेलमध्ये तांबडी पेशी ताठ होते, बारीक नसांत अडकते, पोर दुखण्याने कळवळतं. फिजिक्सवाले एकेक पेशी लेझरच्या उजेडात धरून ताणतात, किती वाकते ते बघतात. तुम्ही केमिस्ट्रीवाले तिच्यातलं हिमोग्लोबिन तपासता. औषध लागू पडतंय का, ते दोन्ही मिळून कळतं. मग भाकरी मोडता मोडता हसून म्हणालीस, "थोडक्यात काका, आम्ही रक्ताला गुदगुल्या करतो."

मला शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. रविवारच्या सदराला मथळा तोच दिला. 'जनतेचं रक्त आटवून झालं, आता हसवून पाहू' ही भर माझी.

कात्रणाचा फोटो कळवणकडे गेला. तुम्ही नमुने घेता त्या पाड्यावर पोचेतो त्यातला विनोद गळून पडला, रक्त तेवढं उरलं. भागीबाईंनी त्यांच्या पिंकीचा दुसरा नमुना द्यायला नकार दिला. औषधानंतरचा नाही म्हणजे आधीचाही वाया, हे मला वहिनीने, तुझ्या आईने, सांगितलं. तुला फोन केला, तर तू एवढंच म्हणालीस, "काका, ते घरातलं बोलणं होतं."

परवाच्या सदरात खुलासा दिला, माफीसकट. संपादक धम्मपाल म्हणाला, "प्रफुल्लराव, यात विनोद कुठाय?"

"नाही."

"मग वाचणार कोण?"

बरोबर होतं त्याचं. पाड्यावर कुणी वाचला नव्हता. म्हणून काल स्वतः गेलो. पिंकी ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. भागीबाईंना म्हटलं, लिहिणारा मीच, चूक माझी, केंद्रातल्या पोरी खऱ्या कामाच्या आहेत. त्यांनी तांदूळ निवडणं थांबवलं नाही.

"भाऊ, तुमच्या घरचीच ना ती बाई? मंग तुम्ही दिलं का तुमचं रक्त?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"नाय ना? मंग आमच्या पोरीचंच का?"

तेजल, निरोगी माणसाचा नमुना तू माझ्याकडे कितीदा मागितलास. सुईला भितो हे कबूल करायला नको म्हणून मी दर वेळी कोटी करून सुटलो.

आज तू सुरगाण्याला गेल्याचं बघून केंद्रात जाऊन आलो. डोळे मिटून घेतले होते, तुझ्या मैत्रिणीने सांगितलं तर खरं आहे. नळीवर नाव नसतं, नुसता आकडा; आणि तो कुणाचा, ते मोजणाऱ्यांना कळता कामा नये, असं ती म्हणाली. मी तो पाहिला आहे. तुला सांगणार नाही. एवढं तरी पोटात ठेवतो.

उद्या पुन्हा पाड्यावर जातोय. 'दिलं' म्हणेन आणि ओट्यावर बसून राहीन.

तुझा,
प्रफुल्लकाका