चांदीवर बसलंच नव्हतं

मौदा,
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

चिरंजीव धम्मानंद यास,
आईचा जय भीम.

इकडे सगळे ठीक. भावनाच्या हातची भाजी अजून अळणीच आहे, जावईबापू तरी मिटक्या मारतात, म्हणजे संसार बरा चालला आहे. माझा उजवा गुडघा दुखतो, डावा त्याची मजा पाहतो. तू शुगर तपासलीस का? नसशील. विज्ञान दुसऱ्यांसाठी असतं तुझं.

पत्र तुझी भाची रितिका लिहून देते आहे. मी 'तुले' म्हणते, ही 'तुला' लिहिते. लिहू दे. प्रोफेसराला जायचं आहे, जरा इस्त्री केलेलं बरं. एकच अट घातली आहे: मी बोलले ते गाळायचं नाही. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे पोरगी, फिजिक्स घेतलं ते मामाला पाहून. तिच्याकडून हे लिहून घेताना मला बरं वाटत नाही. मी म्हटलं, शेजारच्या गुरुजींना बोलावते. ती म्हणाली, "नाही आजी, मीच लिहिते. मले पूर्ण ऐकायचं आहे."

फोन का केला नाही म्हणशील. केला. आठवडाभर रोज केला. एक तर तू उचलत नाहीस, नाहीतर "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतोस. एवढ्या मीटिंगा कलेक्टरलाही नसतील. कागद बरा. त्याला मधेच कापता येत नाही.

मी हवापालटासाठी मौद्याला आले असं तू लोकांना सांगतोस. मीही तेच सांगत होते. खरं सांगू का? तुझ्यासमोर ताट घेऊन बसवत नव्हतं.

गुरुवारी रितिका कॉलेजातून आली ती तोंड पाडून. तुमच्या विभागातल्या कोणीतरी तिला सांगितलं की श्वेतानं होस्टेलची खोली सोडली. पीएच.डी. थांबवली तिची, चौकशी समितीचा निकाल लागेपर्यंत. पुस्तकं दोन खोक्यांत भरली आणि गावी गेली पवनीला. पाच वर्षं तुझ्या हाताखाली राबलेली पोरगी, खोकी स्वतः डोक्यावर घेऊन बसस्टँडवर गेली. तू खिडकीतून पाहिलंस का रे? तुझ्या खिडकीतून गेट दिसतं, मी बसलेली आहे तिथे.

ही श्वेता कोण ते मी तुला सांगायला नको, पण रितिकाला माहीत असावं. दर रविवारी घरी यायची. तू मला तुझं काम एकदा समजावलंस, तेही घड्याळ पाहत. तिनं दहादा समजावलं. म्हणायची, "आजी, रेणू म्हणजे इतकुसा जीव की डोळ्याला दिसतच नाही. तो सोन्याच्या पत्र्यावर सोडायचा. कोणी बसवत नाही, आपोआप रांगेत बसतात. मग यंत्राची सुई टेकू न देता वरून फिरवायची, म्हणजे कोण कुठे बसलं त्याचं चित्र कॉम्प्युटरवर उमटते." मी म्हटलं, आंधळ्यानं अंधारात माणसं ओळखावी तसं. पोरगी केवढी हसली! "हे मी प्रबंधात लिहू का?" म्हणाली.

मला ते पटलं कारण मी तेच केलं आयुष्यभर. इतवारीच्या बाजारात धान्य निवडायला बसायची तेव्हा तू शेजारी पोत्यावर अभ्यास करायचास. परातीत वाटाणे घेतले, एक हिसका दिला, की आपसूक दाटीवाटीनं बसायचे, मधमाशीच्या पोळ्यासारखे. कुठे एखादं भोक, कुठे तिरपी फट. पण ती भोकं दरवेळी नव्या जागी. चाळीस वर्षांत एकाच जागी दोनदा पडलेली मी पाहिली नाहीत. तू भाषणात सांगितलंस ना सगळ्यांसमोर, माझा विषय माझ्या आईच्या परातीतून आला म्हणून? लोकांनी टाळ्या वाजवल्या, तू मला उभं केलंस. माझी मान केवढी ताठ झाली होती त्या दिवशी. आता तीच मान दुखते.

आता मार्चबद्दल.

तुझा नवा लेख छापून आला. संत्राबर्फीचा डबा घेऊन आलास. म्हणालास, "हे चित्र पाह्य, या खेपेला चांदीवर बसवलं, जगात कोणी केलं नाही." मी चष्मा लावला. माझ्या पलंगासमोरच्या भिंतीवर तुझं जुनं चित्र फ्रेम करून टांगलेलं होतं, सोन्यावरचं. दोन वर्षं मी झोपताना आणि उठल्यावर तेच पाहत होते. वर डाव्या अंगाला तीन भोकं ओळीत, त्यांच्याखाली एक तडा. नव्या चित्रात तीच तीन भोकं, तोच तडा. फक्त खाली, उजव्या अंगाला. चित्र उलटं करून लावलेलं.

मला अक्षर येत नाही, धम्मा. भोकं येतात.

मी हसत म्हटलं, "काहून गा, हे तर तेच हाय." वाटलं चूक झाली असेल, सांगितलं की सुधारशील. आणि तू काय म्हणालास ते मी पुढे सांगते. रितिका, थांबू नको, लिही.

जुलैत परदेशातून कोणाचं तरी पत्र आलं. त्यालाही भोकं दिसली. विद्यापीठाची समिती बसली. आणि तू समितीला लिहून दिलंस की चित्रं श्वेता तयार करायची, तिच्याकडून अदलाबदल झाली, मी विश्वासानं सही केली. विश्वासानं! तिचा विश्वास कुठे ठेवलास?

ऑगस्टमध्ये श्वेता घरी आली. तू नव्हतास. पोरीचे डोळे सुजलेले. माझ्या पायाशी बसून म्हणाली, "आजी, सरांनी माझं नाव काहून घेतलं? मी तर चित्र दिलंच नव्हतं. घरात काही बोलले का ते?"

धम्मा, इथून पुढचं मला जड जातं.

मी तिला चहा दिला. आणि म्हटलं, "मले काय समजते बाई त्यातलं? मी अनपढ बाई."

साऱ्या इतवारीत मला कोणी अनपढ म्हटलं तर मी त्याला उभा सोलायची. दुकानदाराचा मुनीम एकदा म्हणाला, तर त्याला पुन्हा माझ्यासमोर तोंड उघडायची हिंमत झाली नाही. आणि त्या दिवशी मी स्वतःच त्या शब्दामागे जाऊन लपले. माझ्या न शिकण्याचा पदर करून तुझी चोरी झाकली. पोरगी चहा प्यायली, कप धुऊन ठेवला, माझ्या पायाला हात लावून गेली. तुझ्यावर माझा राग आहेच. पण त्या चहाचा राग माझा माझ्यावर आहे, आणि तो जास्त आहे.

येताना मी ते फ्रेमवालं चित्र पिशवीत घालून आणलं. तुझ्या लक्षातही आलं नसेल. काल रितिकानं मोबाइलवर दोन्ही चित्रं घेतली, नवं तुझ्या लेखातून, एक उलटं केलं आणि दुसऱ्यावर ठेवलं. तंतोतंत. मग जेवली नाही. तिनं विचारलं, "पण आजी, मामानं केलं कशावरून? श्वेतादीदीनंही केलं असेल." बरोबर विचारलं. तुझ्यापेक्षा बरी शास्त्रज्ञ होईल ही.

तर मार्चमध्ये तू काय म्हणालास. हे इस्त्री न करता लिही, रितिका, शब्द न् शब्द:

"आई, चांदीवर बसूनच नाही राहिलं ते. श्वेता आठ महिने करून राहिली, दरवेळी विखुरते. ती म्हणते, नाही बसत असंच छापा. असं कोणी छापते का? म्हणून जुनंच फिरवून लावलं मी. तिले माहीत नाही. तुह्याशिवाय कोणाले दिसते?"

आणि बर्फीचा तुकडा माझ्या तोंडात घातलास. मी खाल्ला.

हिचा पेन थांबला आहे. डोळे पुसते आहे. पुसू दे. तू वाट पाहा.

ती म्हणत होती तेच खरं होतं ना रे? बसत नाही, तर बसत नाही. एवढं लिहायला काय झालं होतं? परातीत खडा निघाला तर मी खडा म्हणायची, वाटाणा म्हणून कोणाच्या पोत्यात घातला नाही. तुला हे शिकवायचं राहिलं असं मी म्हणणार नाही. शिकवलं होतं. तू विसरलास.

शुक्रवारी मी श्वेताला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, हे तुम्ही तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

समिती पंधरा तारखेला, सोमवारी, सकाळी अकराला बसते. रविवारपर्यंत तू स्वतः लिहून दे: चित्र मी फिरवलं, श्वेताचा काही संबंध नाही. दिलंस तर मी मागच्या खुर्चीवर बसेन, चहासुद्धा मागणार नाही. नाही दिलंस तर मी बोलेन. भावना सोडायला येणार आहे. तुझी खुर्ची जाईल, मान जाईल, पेपरात येईल, मला सगळं ठाऊक आहे. लोक म्हणतील, ही कसली आई. म्हणू देत. त्यांना माझ्याकडे पाठव.

त्यानंतर घरी ये. भाजी मी करेन. बोलणार नाही बहुतेक, पण वाढेन.

रितिकानं सवयीनं खाली 'तुझी आई' लिहून टाकलं. मी म्हटलं, राहू दे, खोडू नको. त्याच्याखाली अजून एक ओळ लिही.

तुझी आई,
आणि सोमवारी श्वेताची साक्षीदार,
जिजाबाई गणपतराव नागदिवे