प्रत्येक गाठ दोनदा बघणाऱ्याचे मृत्युपत्र

मी, हरिदास नत्थूजी भोयर, वय वर्षे सव्वीस, राहणार नालवाडी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या समजुतीने लिहीत आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. नाडी आजच दाखवून घेतली.

आत्ताच लिहिण्याचे कारण असे. पूर्वी मी नौदलात होतो. जहाजाच्या होड्या आणि दोरखंड माझ्या ताब्यात असत. वडील वारल्यावर घरी परतलो. आता माझे जुने कमांडर श्रीनिवास साहेब यांना नवे जहाज मिळाले असून त्यांनी मला स्वहस्ते पत्र लिहिले आहे. बंडोपंत मास्तरांनी इंग्रजी वाचून अर्थ सांगितला: "हरिदास, निर्धास्त माणसे माझ्याकडे पुष्कळ आहेत. प्रत्येक गाठ दोनदा बघणारा तूच एक होतास. येशील का?" हुकूम नाही, विचारणा आहे. माझ्या काळजीखोरपणाला आजवर कोणी असे बोलावणे धाडले नव्हते. मात्र पत्नी कमला हो म्हणेपर्यंत उत्तर पाठवणार नाही, असे मी तिला वचन दिले आहे. तो होकार अजून यायचा आहे.

कलम १. घर व परसातली विहीर कमलाकडे जावी. पावसाळ्यापूर्वी छपराचे कवेलू फेरावेत. विहिरीचा दोर दरवर्षी बदलावा, मजबूत दिसला तरीही.

कलम २. सायकल चुलतभाऊ गुलाब याला द्यावी. बसण्यापूर्वी त्याने ब्रेक बघावा. माझ्या लग्नात मी बाशिंग बांधलेले असताना मांडवाच्या गाठी पुन्हा आवळत होतो, तेव्हा हाच सर्वांदेखत ओरडला, "अबे, नवरी वाट पाहून राह्यली अन् हा बांबूले मिठी मारून राह्यला!" सारा मांडव हसला. कमलाही हसली. त्या दिवशी वारा सुटला नाही, हे मान्य. सुटला असता तर मांडव उभा राहिला असता. तरी सायकल त्यालाच.

कलम ३. (रद्द.) यात लिहिले होते की मी न परतल्यास कमलाने दुसरे लग्न करावे, फक्त माणूस कंदील विझवून झोपणारा असावा. वाचून दाखवताच ती चुलीपासून उठून आली. "माह्यासाठी नवरा पाहून राह्यले काय तुम्ही? अन् तोही कंदिलासाठी?" भाकर करपली. खोडलेल्या जागी सही केली आहे.

कलम २ मध्ये दुरुस्ती. साक्षीला गुलाबला बोलावले. मास्तर म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. गुलाब म्हणाला, "मंग राहू दे सायकल. तू वापस आला का मांगून नेईन." सबब सायकल कमलाकडे जावी. गुलाबवरचा राग कोणाच्याही नावे केलेला नाही. तो संपला.

ही पाने दोऱ्याने शिवण्याचे काम कमलाने केले. गाठ तपासायला मी हात पुढे केला, तर तिने कागद मागे ओढला.

"राहू द्या. म्या दोनदा पाह्यली. साहेबाले लिहा, येऊन राह्यलो म्हणून."

उत्तर आजच्या टपालाने जाईल.

सर्व मजकूर वाचून, पुन्हा वाचून, खालील दोघांसमोर सही केली.

नालवाडी, ९ मार्च १९५७
हरिदास नत्थूजी भोयर

साक्षीदार:
१. बंडोपंत देवपुजारी, शिक्षक
२. गुलाब सोमाजी भोयर (सायकल सोडून)